मुकी सून कुठं गेली?

कादंबरी निघून दोन वर्षं झाली तरी पत्रं थांबेनात, आणि खरं सांगते, मला आता त्यांचा कंटाळा आलाय. सगळ्यांचं म्हणणं एकच: जुन्या मालिकेवरून लिहिलंत, पण मालिका नीट पाहिली नाहीत. मालिकेतली सासू अधू होती, खुर्चीतून उठायची नाही. माझी सासू टँकरमागे धावते. तिथला दीर टकला. माझा केसांचा कोंबडा काढतो. आणि धाकटी मुकी सून, सगळ्यांची लाडकी, तिला का वगळलंत? एका प्राध्यापकांनी तर तिच्या 'सूचक अनुपस्थिती'वर आठ पानं लिहून पाठवली. वाचून मी डोकं धरून बसले. दुसरी आवृत्ती काढायची म्हणून प्रकाशक मागे लागलेत: चुका दुरुस्त करा, नाहीतर प्रस्तावनेत खुलासा करा.

खुलासा काय करायचा? ती मालिका मी पाहिलेलीच नाही. ऐकली आहे.

भूमकडच्या आमच्या गावात दूध सोसायटीनं बऱ्या दिवसांत टीव्ही आणला. मग पाऊस गेला, चारा संपला, दूध आटलं. कॅन पालथे पडले आणि रविवारी सकाळी सोसायटीची खोली मालिकेसाठी भरू लागली. आमची बौद्धांची घरं गावाच्या खालच्या अंगाला. आत येऊ नका, असं आम्हाला कुणी म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती. मी नवी सून, नुकतीच मॅट्रिक झालेली. थोरली जाऊ आणि मी खिडकीखाली भिंतीला टेकून बसायचो. खिडकी डोक्याच्या वर.

जावेला शाळेचा गंध नव्हता, पण बाजारातली दखनी हिंदी कानात होती, त्यामुळे मालिकेतलं हिंदी तिला माझ्याआधी कळायचं.

"ही सासू दांडगी आसंल बग," ती म्हणायची. "आवाज ऐक की. डोक्यावर हंडा घिऊन भांडतीय जनू."

आठवडाभर रोजगार हमीवर खडी फोडता फोडता आम्ही एकेकाला नाक-डोळे द्यायचो. दिराचे केस जावेनंच ठरवले. मुकी मात्र बोलतच नव्हती, आणि बाकीचेही तिच्याशी खुणांनीच बोलत असणार, म्हणून आमच्यापर्यंत पोचलीच नाही. इतके रविवार बसलो, पण घरात अशी एक सून आहे, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

पुस्तक निघायच्या आधीच जाऊ गेली. तिच्यापुढं वाचायचं राहिलं, त्याचं मात्र फार वाईट वाटतं.

प्रस्तावना लिहायची तर आम्ही बाहेर बसायचो हे लिहावं लागणार. ते मी आपणहून सांगायचं म्हणजे गाऱ्हाणं झालं. आतल्या कुणीतरी आधी म्हणावं की होय, तुम्ही तिथं होतात, एवढाच माझा हट्ट होता.

मागच्या महिन्यात धाराशिवला वाचनालयात कार्यक्रम झाला. संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत पुढं आले. सोसायटीचे तेव्हाचे सेक्रेटरी. टीव्हीचं बटण त्यांच्याच हातात असायचं.

"बाई, लई भारी लिव्हलंय. पर ती मुकी कुठं गेली?"

"आम्ही बाहेर बसायचो, काका. खिडकीखाली. ती बोलायची नाही, मग आम्हाला कळणार कसं?"

ते खरंच विचारात पडले. "भाईर? भाईर कोन बसायचं? मला तर कुनीच आठवत न्हाय."

ते लपवत नव्हते. खोटं बोलले असते तर मी भांडले तरी असते.

"बरं, ती दिसायला कशी होती?" मी विचारलं.

त्यांचा चेहरा खुलला. रंगानं गव्हाळ, गालावर तीळ. राग आला की पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, हसू आलं की भिंतीकडं तोंड फिरवायची. एवढ्या वर्षांनी त्यांना सगळं जसंच्या तसं आठवत होतं. मी उभ्या उभ्या ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी प्रकाशकांना पत्र टाकलं. सासू टँकरमागे धावणारच, दिराचे केसही राहतील. कुणी काही म्हणेल याची वाट मी आता बघत नाही. मुकी तेवढी घालते आहे. पहिल्याच पानावर ती खिडकीखाली, आम्हा दोघी जावांच्या मध्ये बसलेली असेल.