कोणत्या अंगानं बसता?

परवा गोठ्यात माझी चांगलीच जिरली... सांगतो.

पंधरा दिवसांपूर्वी देवणीच्या बाजारातून गाय आणली, चंद्री. बाबा नको म्हणत होते, हट्ट माझाच. आमच्या भोकरला आली आणि पान्हा चोरायला लागली... वासराला पाजायची, पण मी तांब्या घेऊन बसलो की लाथ. बाबांनी सांगून टाकलं, रविवारपर्यंत बघ, न्हाई तर जिथून आणली तिथं सोडून ये.

मला तर ती दोन दिवसांतच घरची वाटायला लागली होती. मग काय, गायीवाल्यांच्या ग्रुपवर टाकली पोस्ट... 'गाय दूध देत नाही, अर्जंट उपाय सांगा.' सोबत माझा गॉगलवाला फोटो, त्यात गायीचं फक्त एक शिंग.

कमेंट धडाधड आल्या. मेथी चारा, गूळ चारा, दृष्ट काढा... एकानं गायीची किंमत विचारली, एकानं गॉगलची. मी सांगतील ते करून राहिलो. चंद्रीनं गूळही खाल्ला आणि लाथही मारली.

शनिवारी निलंग्याच्या एका मावशींनी लिहिलं, "बाबू, कधीपासून देईना? आधी धार कोण काढायचं? कोणत्या अंगानं बसता?" खरं सांगतो, राग आला. उपाय मागितला तर या माझीच परीक्षा घेऊन राहिल्या... पण मधल्या प्रश्नाचं उत्तर मलाच ठाऊक नव्हतं. गपगुमान देवणीच्या जुन्या मालकांना फोन लावला.

ते म्हणाले, "आमची मंडळी काढायची की. उजव्या अंगानं. का हो?"

आमच्या गोठ्यात चंद्रीच्या उजवीकडं भिंत. मी रोज डावीकडून बसत होतो, अन् हे कुणाला सांगायचं असतं हेच डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी खुंटा हलवला, आधी वासरू सोडलं, मग उजवीकडं बसलो. तांब्यात धार वाजली आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं... रविवारी सकाळी बाबांनी चंद्रीच्या दुधाचा दुसरा कप चहा मागितला.

मावशींना सगळं लिहून कळवलं. त्यांचं उत्तर आलं, "गाय द्यायला तयारच होती बाबू. तुला विचारता येईना."

लई खरं बोलल्या. आता काही विचारायचं असलं की आधी गोठ्यात जाऊन नीट बघून येणार... निम्म्या वेळा पोस्ट टाकायची गरजच पडायची नाही. मावशी, चंद्री आज आमच्या दारात आहे ती तुमच्या तीन प्रश्नांमुळं.