व्याह्यांची अर्धी धून

माझी फजिती ऐकायची असेल तर आधी चहा हातात घ्या. एकदा सुरू झालो की मधेच उठू देणार नाही मी.

तुम्हाला माहीतच आहे, मी हार्मोनियम शिकवतो. 'इथे कोमल घे, तिथे शुद्ध लाव' करत लोकांना दुरुस्त करण्यात उभं आयुष्य गेलं. ही खोड क्लासपुरती राहिली असती तर बरं होतं. पण मी भाजीवाल्याची आरोळीसुद्धा मनातल्या मनात सुरात बसवून घेतो. म्हणूनच माझ्या मुलीनं, मुक्तानं, आयर्लंडमध्ये नोकरी करता करता तिथल्याच मुलाशी लग्न ठरवलं, तेव्हा मला पहिली ताकीद काय दिली? "बाबा, माझे सासरे फिडल वाजवतात. त्यांना काही शिकवायला जाऊ नका."

फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. सासऱ्यांचं नाव डोनल. खेड्यात राहणारा, अबोल, लाजरा माणूस. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. गाव सोडून कधी कुठे न जाणारे हे गृहस्थ नागपूरला यायला तयार झाले, याचंच मुक्ताला केवढं कौतुक. ते इथून आनंदानं परत जावेत, एवढीच पोरीची इच्छा होती.

तिनं त्यांनी वाजवलेल्या एका धुनेचं रेकॉर्डिंग पाठवलं. तिकडे या प्रकाराला जिग म्हणतात. नाचायची धून. सहा मात्रांची, आपल्या दादऱ्याची चुलत बहीणच म्हणा ना. ऐकली आणि ठरवलं, लग्नात आपला बँड हीच वाजवणार. व्याह्यांचं स्वागत त्यांच्याच धुनेनं. काय चूक होतं यात, सांगा?

इथवर काहीच बिघडलं नव्हतं. पण मी अभ्यासाला बसलो.

इंटरनेटवर शोधलं तर या धुनेला गावोगावी वेगळं नाव. कुठे 'पाद्र्याची छत्री', कुठे 'ओल्या गवतातली गाय', तर कुठे कोणा न्हाव्याचं नाव. प्रत्येक गावात चालही थोडी वाकडी. गुरूनं दिलेली बंदिश काना-मात्रेसकट जपणारा माणूस मी, मला हे सहनच होईना. खरी कोणती, शुद्ध कोणती?

शेवटी एक व्हिडिओ सापडला. वाजवणारे जुनेजाणते दिसत होते. वर धुनेची नावं दोन होती, पण एका धुनेला ढीगभर नावं असतात हे आता मला ठाऊक झालं होतं. आणि काय सांगू, त्यात धुनेचे चार भाग होते. स्थायी, अंतरा, संचारी, आभोग! आपल्या ध्रुपदासारखी भरलेली बंदिश. डोनल तर दोनच भाग वाजवत होते. मला त्यांची कीवच आली. बिचाऱ्यांना अर्धीच पोचली होती.

मग मी बँडला तालमी दिल्या. शिवाय आपल्या शिस्तीप्रमाणे प्रत्येक भागानंतर स्थायीवर, म्हणजे पहिल्या भागावर, परत यायचं असं बसवलं. बँडमास्तर म्हणाला, "सर, हे लांबून नाही राहिलं का?" मी म्हटलं, "लांबत नाही, पूर्ण होऊन राहिली."

नागपूरजवळ बेस्याच्या एका लॉनवर लग्न. डोनल फेटा बांधून पहिल्या रांगेत. बँड सुरू झाला आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मुक्तानं लांबूनच माझ्याकडे पाहून हात जोडले. पाय ताल धरत होता. तिसरा भाग आला आणि पाय थांबला. चेहरा उतरला. तेव्हा तरी गप्प बसायचं की नाही? पण मी माइक घेतला आणि चक्क इंग्रजीत जाहीर केलं, "आमच्या व्याह्यांकडे ही धून अर्धीच राहिली होती. आज आम्ही ती पूर्ण करून देत आहोत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. डोनल उठले आणि मांडव सोडून स्वयंपाकाच्या तंबूमागे निघून गेले.

माझी मोठी बहीण सुमनताई कुही गावाहून आलेली. तिनं एका नजरेत निकाल दिला. "व्याही रुसले गा. तू काहून बोलला माइकवर?"

आता वरपक्षाचा रुसवा आपल्याला काही नवा नाही. मान कमी पडला की व्याही कोपऱ्यात जाऊन बसतात आणि मुलीच्या बापानं मनधरणी करायची. ताईनं शाल काढली नि गेली. डोनल एका खुर्चीवर लॉनच्या भिंतीकडे तोंड करून बसले होते. शाल घेतली, मान हलवली, पुन्हा भिंतीकडे वळले.

"शालीनं नाही भागलं," ताई परत येऊन म्हणाली. "श्रीफळ ने."

मी श्रीफळ नेलं. घेतलं. भिंत. ताईनं संत्रा बर्फीचा डबा पाठवला. तोही मांडीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. मुहूर्त जवळ आलेला, भटजी घड्याळ पाहून राहिलेले, आणि मुक्ता हार हातात घेऊन माझ्यासमोर उभी. डोळ्यांत पाणी.

"बाबा, एकच गोष्ट सांगितली होती मी तुम्हाला."

पोरीच्या लग्नात पोरीलाच रडवलं. शेवटी मी डोनलसमोर गेलो आणि सरळ पाय धरायला वाकलो. ते दचकून खुर्चीसकट मागे सरकले, नारळ गडगडला. मागून मुक्ता आली आणि तिनं ती गोष्ट केली जी आम्हा शहाण्यांपैकी एकालाही सुचली नव्हती. तिनं त्यांना विचारलं, काय झालं म्हणून.

डोनल हळूच म्हणाले, "तुमच्या बँडनं वाजवली ती धून डोक्यात धरून ठेवायला आलो होतो. आम्ही कानानंच शिकतो, लगेच गुणगुणली नाही तर निसटते. तीनदा धरली. तीनदा कोणीतरी काहीतरी घेऊन आलं."

"म्हणजे तुम्ही रागावला नाहीत?" मी विचारलं.

"रागावू कशाला?" मग ओशाळं हसून म्हणाले, "पण ती एक धून नाही. दोन आहेत. पहिली आमच्या गावची, दुसरी डोंगरापलीकडची. आमच्याकडे एक धून संपली की तिला जोडून कुठलीही दुसरी वाजवायची रीत आहे, म्हणून तुम्हाला एकच वाटली. तिसऱ्या भागाला ती आली तेव्हा मी गोंधळलो. पण तुमचा बँड दुसरीच्या मधूनसुद्धा पुन्हा पुन्हा आमच्या गावात परत येत होता. असं कोणी कधी वाजवलं नाही."

"म्हणजे मी चुकलो."

"पुरते," ते म्हणाले. "आमच्या निम्म्या धुना अशाच झाल्या आहेत."

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत मटकन बसलो आणि तांब्याभर पाणी प्यायलो. असं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. ताई म्हणाली, "रुसले नाही ना? मग चाला ना गा, मंगलाष्टकं खोळंबली." डोनल शाल पांघरून मांडवात आले, आणि मुक्ता हसली.

परवा तिचा फोन आला. डोनल ती धून गावात वाजवतात म्हणे, लोकांना आवडली, आणि तिकडच्या रीतीप्रमाणे तिला नाव द्यायचं चाललं होतं. मी जरा सावरून बसलो. "माझं दिलं असेल ना?"

"देऊन राहिले होते बाबा. मीच नको म्हटलं. म्हटलं, नाव दिलं तर बाबा धून आपली समजतील आणि पुन्हा दुरुस्त करायला बसतील."

मला वाईट वाटलं थोडं. माणूस बदलत नाही का? मी तिनं पाठवलेलं डोनलचं नवं रेकॉर्डिंग शांतपणे ऐकलं, छान आहे म्हणून कळवलं, एक शब्द जास्त बोललो नाही. तुम्ही घरचे म्हणून सांगतो, दुसऱ्या भागात एक सूर जरा चढा लागतोय त्यांचा.