बऱ्या दिवसाचं रक्त

घोडी आजारी आहे हे आम्हाला एका लग्नात कळलं. इंदूरकडे नवरदेव घोडीवर बसण्याआधी त्याच्या बहिणी तिला भिजवलेली चण्याची डाळ भरवतात. घोडीने ती चटाचट खाल्ली की सगळं शुभ. म्हणून घोडीवाले तिला त्या दिवशी दुपारपासून उपाशीच ठेवतात, आणि माझा नवराही ठेवायचा. एरवी आमची घोडी ताटासकट डाळ खाईल की काय असं वाटायचं. आषाढातल्या शेवटच्या मुहूर्ताला मात्र तिने तोंड फिरवलं. एक बहीण झाली, दुसरी झाली, मग वहिनी पुढे आली. शेवटी नवरदेवाचा मामा खेकसला, "क्यों भिया, घोड़ी दाल क्यों नी खा री?"

"पेट भरा है मामाजी," नवरा म्हणाला, आणि बँडवाल्यांना वाजवायची खूण केली.

हे त्याने घरी येऊन मला हसत हसत सांगितलं. मग हसणं थांबवून म्हणाला, "अगं, कान एकदम गरम लागतायत तिचे."

नवऱ्याचे पणजोबा संस्थानच्या रिसाल्यात घोडेस्वार होते. पुढे संस्थान गेलं, रिसाला गेला, आजोबा मिलमध्ये लागले, पण दारातली घोडी काही गेली नाही. एक मेली की दुसरी यायची. आता इंदूरच्या परदेशीपुऱ्यात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ही पांढरी घोडी होती. तिला काही नाव होतं, पण नवरा तिला 'बाईसाहेब' म्हणायचा. मला तो 'अगं' म्हणतो. पोलोग्राउंडवरचा त्याचा कारखाना बंद पडल्यापासून लग्नाची घोडी हेच त्याचं काम. त्याहून खरं सांगायचं तर सकाळी अंथरुणातून उठायचं त्याचं तेवढंच एक कारण. ती गेली तर हा माणूस उठणार नाही, हे मला गणितासारखं स्पष्ट दिसत होतं. गणितच शिकवते मी, सुदामा नगरच्या एका शाळेत.

दिसत होतं, पण वाटत काही नव्हतं. गेली काही वर्षं माझं असंच झालंय. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, तेव्हा स्टेशनवर सगळे रडले आणि मी डब्यांची झाकणं घट्ट आहेत का ते बघत होते. याला दुःख म्हणता येणार नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो पण आपला वाटत नाही, तसं आहे ते. कधीपासून, ते मला सांगता येणार नाही.

तापाचं एक विचित्र होतं. तो यायचा, दोन-तीन दिवस घोडी मान खाली घालून उभी राहायची, पायांवर सूज चढायची, आणि मग ताप आपोआप उतरायचा. त्यामुळे त्या त्या वेळी ज्याने जे केलं त्याला श्रेय मिळालं. शेजारच्या काकूंनी लिंबू-मिरची उतरवली, ताप उतरला. काकू अजून ते सांगतात. कोणी गूळ-ओव्याचा काढा सुचवला, ताप उतरला. मी आपली सवयीने औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या, तर त्या द्यायच्या आतच ताप उतरला, आणि नवरा माझ्याकडेही कौतुकाने बघायला लागला. मध्ये ती चांगली दिसायची, फक्त दर वेळी बरगड्या थोड्या जास्त दिसायच्या.

जनावरांच्या दवाखान्यातही तो तिला नेत होता. पण नवऱ्याच्या घराण्यात एक नियम आहे, त्याच्या वडिलांनी त्याला शिकवलेला: आजारी जनावराला रस्त्यावर चालवायचं नाही. ताप असला की तो तिला शेडमध्ये पडू द्यायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, माश्या वारायचा. ताप उतरला, ती जरा तरतरीत झाली, की खरारा करून, सजवल्यासारखी स्वच्छ करून दवाखान्यात न्यायचा. तिथे रक्त काढायचे, काचेवर घेऊन बघायचे आणि सांगायचे, काही नाही, अशक्तपणा आहे. तो आनंदात परत यायचा. "काही नाही म्हणाले गं."

भाद्रपदात तिथे एक नवीन डॉक्टरीणबाई आल्या. त्या दिवशी रविवार होता म्हणून मीही गेले होते. त्यांनी घोडीच्या पापण्या उलटून पाहिल्या. आत गुलाबी दिसायला हवं तिथे कागदासारखं पांढरं होतं.

"बुखार है आज?"

"नहीं जी, आज तो एकदम मस्त है," नवरा अभिमानाने म्हणाला.

"और जब बुखार रहता है, तब?"

"तब तो घर पे आराम करवाते हैं. बीमार जानवर को थोड़ी चलाएँगे."

त्यांनी घोडीची पापणी सोडली. मग त्यांनी समजावून सांगितलं. हा सर्रा असू शकतो. चावऱ्या माश्यांमधून रक्तात एक जंतू जातो. तो ताप चढलेला असताना रक्तात दिसतो आणि ताप उतरला की दिसेनासा होतो, पण जात नाही. तुम्ही दर वेळी बऱ्या दिवसाचं रक्त आणलंत.

नवऱ्याने मान हलवली. त्याला समजलं होतं, कारण परत येताना तो रस्ताभर तिच्या मानेवर हात ठेवून चालला. मला त्याच्या वडिलांचा राग आला नाही, त्याचाही आला नाही. येईल असं वाटून मी वाट पाहिली.

पुढचा ताप चढला तेव्हा डॉक्टरीणबाई स्वतः घरी आल्या. रक्त घेतलं. नवरा घोडीला सोडून जाईना, म्हणून त्यांच्याबरोबर दवाखान्यात मी गेले. त्यांनी थेंब काचेवर ठेवला, मायक्रोस्कोपमधून पाहिलं आणि उठून मला जागा दिली. "देखिए मॅडम."

गोल गोल पेशी होत्या आणि त्यांच्यामधून बारीक चकाकत्या अळ्यांसारखं काहीतरी वळवळत होतं, पेशींना ढकलत, जागा करत. इतकी घाई, इतका उत्साह मी आमच्या घरात कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. मी बराच वेळ पाहत राहिले. डॉक्टरीणबाईंना वाटलं मला धक्का बसलाय. त्यांनी पाणी दिलं. मी प्यायले.

इंजेक्शन दिलं. मानेवर गाठ आली, मग बसली. ताप परत आला नाही. दिवाळीपर्यंत घोडी भरली, आणि देवउठनी एकादशीला लग्नं परत सुरू झाल्यावर नवऱ्याने तिला दोन-चार लग्नांना नेलंही. डाळ खाते म्हणून तो मला घरी येऊन सांगायचा, जशी काही मुलगी पास झाली. डॉक्टरीणबाईंसाठी त्याने शेव नेऊन दिली. मीही त्या दिवसांत चहा करताना एकदा गुणगुणले असेन, कारण तो म्हणाला, "काय गं, आज काय विशेष?"

पौषात तिचा मागचा पाय घासायला लागला. नाल बदलून पाहिली. मग ती चालताना एका बाजूला झुकू लागली, मग शेडमध्ये गोल गोल फिरू लागली. शेवटी फिरणं थांबलं आणि ती भिंतीला कपाळ लावून उभी राहिली, दाणापाणी सोडून. तिला मागे ओढलं की परत जाऊन भिंतीला टेकायची. कपाळावरची कातडी सोलून निघाली.

डॉक्टरीणबाई आल्या. "दिमाग में चला गया," त्या म्हणाल्या. "वो दवा वहाँ तक नहीं पहुँचती. अब ये सिर्फ तकलीफ में है." मेंदूत शिरल्यावर जनावर समोर जे येईल त्याला डोकं लावून दाबत राहतं, त्याला दुसरं काही कळत नाही, हेही त्यांनी सांगितलं. मग नवऱ्याला विचारलं, काय करायचं.

त्याने आधी घोडीकडे, मग माझ्याकडे पाहिलं. तीस-बत्तीस वर्षांच्या संसारात त्याने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. मला कळलं त्याला काय हवंय. ज्याला कमी वाटतं त्याच्यावर घरातली अशी कामं येतात.

"द्या," मी म्हणाले. मराठीतच म्हणाले, पण त्यांना कळलं. नवरा शेडबाहेर गेला आणि पाठ करून नळाशी उभा राहिला.

आधी गुंगीचं इंजेक्शन देणार होत्या, मग शेवटचं. दावं कोणीतरी धरायला हवं होतं. इतक्या वर्षांत मी त्या घोडीचं दावं कधी धरलं नव्हतं. ती त्याची होती. मी धरलं आणि तिला भिंतीपासून वळवलं, तर ती माझ्याकडे आली. तिने कपाळ माझ्या छातीला लावलं आणि दाबलं. मी मागे सरकत भिंतीला लागले. तिचं सगळं ओझं माझ्यावर आलं. साडीतून तिची ऊब लागत होती, कपाळाची जखम ओली लागत होती. हे प्रेम नाही, मला माहीत होतं. हा आजार आहे. माझ्या जागी भिंत असती तरी तिला चाललं असतं.

डॉक्टरीणबाईंनी सुई तयार केली. "मॅडम, साइड में हो जाइए. गिरेगी तो आप दब जाएँगी."

मी दावं सोडलं आणि दोन्ही हात तिच्या मानेभोवती टाकले.

"रुकिए," मी म्हणाले. "अभी नहीं."