धाकटेपणाचा दावा

माझा आणि माझ्या चुलतभावाचा विहिरीच्या पाण्यावरून कळंबच्या कोर्टात दावा चालला होता, तेव्हा आम्ही पेशीला एकाच बैलगाडीतून जात असू. गाडी त्याची, कडबा माझा. लोक हसत. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. दोन गाड्या नेल्या असत्या म्हणून निकाल लवकर लागणार नव्हता.

विहीर आजोबांनी खोदलेली, दोन्ही घरांची सामाईक. तिच्यावर मोट मात्र एकच चाले. घरातल्या थोरल्या पुरुषानं पाण्याच्या पाळ्या ठरवायच्या, असा आमचा जुना रिवाज. आम्हां दोघांचे वडील वारले आणि थोरला कोण, हा प्रश्न उभा राहिला. जन्म एकाच महिन्यातला, कुठं टिपून ठेवलेला नाही. थोरला मी, असं मी दाव्यात लिहून दिलं. जबाबात त्यानंही तेच लिहून दिलं. खरं काय ते फक्त त्याच्या आईला, म्हणजे माझ्या काकूला ठाऊक असणार. पण तिला साक्षीला उभं करायचं नाही, एवढ्या एका मुद्द्यावर आमचं एकमत होतं.

निकाल लागेपर्यंत एक दिवसाआड पाणी घ्यावं, असा कोर्टाचा तात्पुरता हुकूम होता. त्याच्या उसाला ते सोयीचं होतं. माझा पानमळा होता. नागवेलीला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं, आणि फाल्गुनातच माझे वेल पिवळे पडायला लागले होते. चैत्र निघेल, वैशाख निघणार नाही, असा माझा हिशेब होता.

त्या सुमारास नवे मुन्सफ आले. त्यांनी आम्हां दोघांना पुढं बोलावून सरळ सांगितलं की निकाल मी देईन, पण तोवर उन्हाळा उलटेल. त्यापेक्षा वकिलांना घेऊन बाहेर लिंबाखाली बसा. जमलं तर राजीनामा लिहून आणा. तडजोडीच्या कागदाला आमच्याकडं तेव्हा राजीनामाच म्हणत. नाही जमलं तर तिथं बोललेलं कुणी कोर्टात काढायचं नाही. आणि बसायचं नसेल तर तसं सांगा, जबरदस्ती नाही.

आम्ही बसलो. काकू बाजारासाठी गाडीतून आली होती, ती भाकरीचं गाठोडं सांभाळत तिथंच बसलेली. माझ्या वकिलांनी सुचवलं की वाटणीत चालतं तसंच इथं चालवू: थोरल्यानं वाटे करायचे, धाकट्यानं आधी निवडायचं.

निवडणाऱ्याचं कधी नुकसान होत नाही, हे आम्हां दोघांनाही कळत होतं.

"मग वाटे तू कर," भाऊ म्हणाला. "थोरला तूच. तसं लिहूनच दिलंयस की."

"आणि जबाबात तू काय लिहिलंयस?"

"ते वकीलसाहेबांनी लिहिलं. मला कुठं मराठी धड वाचता येतं, आपली शाळा जुन्या राजवटीतली, उर्दूतली."

त्याचे वकील पंच्यानं डोळे पुसू लागले. हसत होते की घाम पुसत होते, मी विचारलं नाही. बराच वेळ आम्ही एकमेकांना थोरलेपण देत राहिलो. शेवटी काकूनं गाठोडं बाजूला ठेवलं.

"ह्यो आधी झाला," ती आपल्या लेकाकडं बोट करून म्हणाली. "तू मागनं, पोळ्याच्या दिशी. तुझा बाप अर्धा रंगवलेला बैल सोडून पळत आला व्हता."

"मग इतके दिस बोलली न्हाईस का?" भाऊ म्हणाला.

"कुणी इचारलं?"

वाटे करणं त्याच्याकडं आलं. तो उठला, कोर्टाच्या कुंपणापर्यंत गेला, तंबाखू मळली आणि परत येऊन बसला. एक दिवसाआडचेच वाटे तो करील आणि कोणता दिवस हवा असं मला विचारील, अशी माझी खात्री होती.

"सकाळपासनं सूर्य माथ्यावर यायला हातभर राहील तोवर, तो एक वाटा," तो म्हणाला. "तिथनं दिवस बुडेपर्यंत दुसरा. रोज."

त्याचे वकील त्याच्या कानाशी लागले. तो मोठ्यानंच म्हणाला, "दिवसाआड केलं तर ह्यानं कोणताबी दिवस घेतला तरी पानं जळत्यात. त्याला वाटे म्हणत न्हाईत, साहेब."

मी मनात पडताळून पाहिलं. रात्रभर विहीर भरते, म्हणून सकाळचा वाटा त्यानं थोडा आखूड ठेवला होता. चूक सापडली नाही. त्याचे बैल म्हातारे होते, दुपारच्या उन्हात मोटेला टिकले नसते. माझी खोंडं तरणी होती. मी दुपार मागितली.

"पुन्हा हिशेब कर," तो म्हणाला.

"केलाय."

मुन्सफांनी राजीनामा वाचून दोघांना विचारलं की हे राजीखुशीनं आहे ना. दोघांनीही होय म्हणून सह्या केल्या. त्याची उर्दूत, माझी वडिलांनी घरी शिकवलेल्या मोडीत.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी पाटाचं पाणी वेलांपर्यंत जाऊ लागलं. वैशाख उलटला तरी मळा हिरवा होता. एका सकाळी काकू बांध ओलांडून आली, मला न विचारता हाताला लागतील तेवढी पानं खुडली, एक तिथंच चुना लावून तोंडात घातलं आणि म्हणाली, "अजून जरा कवळी हायेत." बाकीची पदरात बांधून ती गेली.