मेलेल्या राजाची दृष्ट

लासुर्ण्याच्या जत्रेतलं नाटक दीपकशिवाय व्हायचं नाही आणि नाटकात दीपक मेल्याशिवाय राहायचा नाही. कधी इनामदाराच्या गोळीनं, कधी सख्ख्या भावाच्या कुऱ्हाडीनं. बायका पदर डोळ्याला लावायच्या. पडदा पडला की गावची एक रीत होती. स्टेजवर मेलेल्याची दृष्ट घरच्या बाईनं तिथंच मागं, तोंडाचा रंग पुसायच्या आधी काढायची. मीठमोहऱ्या ओवाळायच्या आणि घरी नेऊन चुलीत टाकायच्या. लग्नाआधी दीपकची आई छबूबाई काढायची, नंतर बायको, वृषाली. वृषाली बी.ए. झालेली. तिचा असल्यावर विश्वास नव्हता. पण घामानं ओघळलेल्या रंगाचा नवरा हात खाली सोडून शहाण्या पोरासारखा समोर उभा राहायचा, ते तिला आवडायचं.

शेवटच्या वर्षी छबूबाई लेकीकडं कन्हेरीला गेली होती. वृषालीची चार वर्षांची पोर राजनंदिनी नाटकात मध्येच झोपली, अंगही कोमट लागत होतं. वृषाली तिला खांद्यावर टाकून घरी आली. दृष्ट राहिली. त्याच आठवड्यात इंदापूरजवळ हायवेला ट्रकनं दीपकला मोटारसायकलसकट उडवलं.

तेरावं झालं. मग एकदा भाकरी थापता थापता छबूबाई म्हणाली, "मूठभर मीठ जड झालं व्हय गं तुला?"

वृषालीनं चुलीत लाकूड सारलं. खरं कारण सांगायचं तर पोरीचं नाव घ्यावं लागलं असतं. आज आपल्याकडं रोखलेलं बोट उद्या पोरीकडं वळायचं. त्यापेक्षा आपल्याकडंच राहू दे.

चार वर्षं गेली. दीपकचे नाटकातले फोटो ट्रंकेत गेले, घरात नाटक म्हणायचीसुद्धा चोरी झाली. पोरीला ट्रक ठाऊक होता, बाप ठाऊक नव्हता. वृषालीला ते सलायचं. बारामतीच्या नाट्यगृहात बालनाट्य लागल्याचं कळलं तेव्हा तिनं सासूला सांगूनच टाकलं.

"आत्या, रविवारी राजूला नाटकाला नेते."

"बाप गिळला त्यानं. आता लेक न्हेऊन दावतीस?"

"बाप ट्रकनं नेला, आत्या."

"ट्रक निमित्त हाय."

पण रविवारी निघताना तिनं नातीला जवळ ओढलं, कानाशी काहीतरी पुटपुटली आणि फ्रॉकच्या खिशात कागदाची पुडी कोंबली. वृषालीनं पाहून न पाहिल्यासारखं केलं.

नाट्यगृहात अंधार झाला तशी राजनंदिनीनं आईचा दंड धरला. "आई, लाइट गेली!"

"गेली नाही, घालवली. आता बघ."

पडदा वर गेला. कापसाच्या दाढीचा राजा, पुठ्ठ्याचा घोडा, खोटा पाऊस. पोरगी हसता हसता खुर्चीतून घसरायची राहिली. "बाबा असंच करायचे?" तिनं विचारलं. "याहून भारी," वृषाली म्हणाली. किती वर्षांनी ती हे मोठ्यानं बोलत होती. शेवटी राजा मेला.

"मेला?"

"खोटं खोटं."

"व्हय की, पोट हलतंय त्याचं!"

टाळ्या झाल्या, राजा उठून वाकला. वृषालीच्या छातीवरचं काहीतरी उतरलं. तेवढ्यात राजनंदिनीनं खिशातली पुडी काढली. "चल, मागं जाऊ. आजी म्हणली, मेलेल्याची काढावीच लागती."

मागच्या खोलीत राजा आरशापुढं बसून दाढी सोलत होता. कॉलेजातला पोरगा. "काय गं बाळ, सही पाहिजे?"

"उठा. हलू नका."

तो हसला, पण उठला. हात खाली सोडून, शहाण्या पोरासारखा. वृषालीनं मान भिंतीकडं वळवली.

एसटी स्टँडवर राजनंदिनी ओवाळलेल्या मीठमोहऱ्यांची पुडी मुठीत चाचपत होती. मग म्हणाली, "बाबांची त्या वर्षी कुणी काढली?"

"कुणीच नाही."

"का?"

खांद्यावर ते कोमट, झोपेनं जड झालेलं अंग वृषालीला अजून जाणवत होतं. गळ्याशी लागलेला श्वाससुद्धा.

"मी विसरले," ती म्हणाली.

राजनंदिनीनं आईच्या हातातला हात काढून घेतला आणि पुडी दोन्ही हातांनी धरली. इंदापूरची गाडी लागली, तेव्हा ती पुढं होऊन एकटीच चढली.