देवातला पैसा

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी नाकात चिंचेचा वास येतो. पोलीस ठाण्यात नाना प्रकारचे वास असतात, पण तक्रारीलाच चिंचेचा वास असलेली माझ्या नोकरीतली ती एकमेव.

त्या वेळी मी भोपाळमध्ये एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपला लागून असलेल्या ठाण्याचा प्रमुख होतो. आमच्याकडे या पदाला टी.आय. म्हणतात. टाउनशिपमधले गुन्हे ठरावीक असायचे: सायकलचोरी, बंद क्वार्टर फोडणे, पाण्यावरून भांडण. दिवाळीच्या तोंडावर पेट्रोलिंग वाढवायचे, सराफ्याजवळ साध्या वेशातली माणसे ठेवायची, बाहेरगावी गेलेल्यांची घरे नोंदवायची. ती व्यवस्था लावत असतानाच एक मराठी जोडपे भांडत भांडत आत आले. काका कारखान्याच्या हिशेब विभागातून निवृत्त झालेले. काकूंच्या हातात स्टीलची डबी.

"साहेब, हिनं पुरावा धुतला," काका म्हणाले.

"पुरावा नव्हे हो, देवाचं होतं ते! लक्ष्मीपूजनाला काळं नाणं मांडू का? तांब्याची भांडी घासत होते, त्यातच घासलं. चिंच नि मीठ, दुसरं काही नाही."

"जुनं नाणं कधी धुवायचं नसतं. चार वेळा सांगितलं होतं."

"आणि चार वेळा घेऊ नका म्हणून मी सांगितलं होतं, ते?"

माझ्या हवालदाराने कानाशी वाकून हळूच म्हटले, "सर, ये तो घर का मामला है." मी त्याला चहा आणायला पाठवले. भांडणाऱ्या नवरा-बायकोच्या हातात कप दिले की निदान एकाच वेळी दोघे बोलत नाहीत.

डबीत दोन शिवराया होत्या. शिवकालीन तांब्याचे नाणे, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. काकांनी त्या ऑनलाइन मागवल्या होत्या, एक स्वतःसाठी, एक मेहुण्याला भेट म्हणून. मुद्दाम दोन वेगळ्या विक्रेत्यांकडून, म्हणजे एक खोटी निघाली तर दुसरी तरी राहील, असा हिशेबनिसाचा विचार. काकूंनी घासल्यावर काळा थर निघून गेला आणि आत नव्या तांब्यासारखा लालभडक रंग निघाला. दोन्ही विक्रेत्यांनी एकच उत्तर पाठवले होते: धुतलेला माल परत घेतला जात नाही.

मी भिंग घेऊन बसलो. कडेला बारीक जोडरेघ होती आणि ती कानशीने घासून पुसायचा प्रयत्न केलेला दिसत होता. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे होती. शिवराई ठोकून पाडलेली असते. ओतलेल्या धातूची छिद्रे तिच्यावर दिसण्याचे कारण नाही. इथपर्यंत साधी फसवणूक होती.

मग मी दोन्ही नाणी शेजारी ठेवली आणि माझा हात थांबला. दोन्हींवर 'राजा' या शब्दाच्या वरच्या बाजूला एक गुळगुळीत, उथळ खोलगा होता. एकाच जागी, एकाच आकाराचा, एका बाजूला किंचित कललेला. दोन अनोळखी माणसांच्या कपाळावर एकाच जागी एकसारखी खोक असावी, तसे. नाणे वापराने झिजते, पण प्रत्येक नाणे आपापल्या नशिबाने झिजते. म्हणजे ही दोन्ही एकाच खऱ्या नाण्याच्या साच्यातून निघाली होती. ते खरे नाणे कुठे तरी होते, आणि कुणाचे तरी होते.

गुन्हा नोंदवला. वेबसाइटवरची दोन नावे आणि त्यांची बँक खाती सायबर शाखेकडे पाठवली. अशा तपासाला वेळ लागतो. पण खबर आली ती दुसरीकडूनच, काकूंच्या भजनी मंडळातून.

काकूंनी तिथे सगळी हकीकत सांगितली असणार, कारण दिवाळी होताच नेहरू नगरातल्या एक आजी सुनेला घेऊन ठाण्यात आल्या. मूळच्या नागपूरच्या, मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला आली तेव्हा यजमानांच्या कचेरीबरोबर इकडे आलेल्या. नऊवारी, हातात काठी, जाड चष्मा. बसायच्या आधीच म्हणाल्या, "दाखव रे बाबा तो पैसा."

मी नाणे पुढे केले. त्यांनी ते पाहिले नाही. उजव्या हाताची अनामिका त्या खोलग्यावर ठेवली आणि लगेच उचलली.

"जागा आमचीच आहे. पैसा आमचा नाही."

"म्हणजे कसं, आजी?"

"आमच्या देवात शिवराई आहे. माझ्या सासूबाई तिला गंध लावायच्या, त्यांच्या सासूबाई लावायच्या, त्यांच्याही आधीच्या लावत असतील. रोज आंघोळ, रोज गंध, ह्याच बोटानं. लावताना बोट असं जरा फिरतं. ही त्या बोटाची जागा आहे."

मी पुन्हा भिंग उचलले. आयुष्यभर मी बोटांचे ठसे पाहत आलो होतो: काचेवर, कपाटावर, चाकूच्या मुठीवर. शाईचे, रक्ताचे, तुपाचेसुद्धा. पण तांब्यात उतरलेला ठसा मी प्रथमच पाहत होतो. त्यात रेषा नव्हत्या. होती ती नुसती झीज, एकामागून एक घरात आलेल्या बायकांच्या एका बोटाची.

मग विचारले, "तुमची शिवराई सध्या कुठे आहे?"

"देव्हाऱ्यात आहे. पण ती आमची नाही." आजी सुनेकडे पाहत नव्हत्या. "गणपतीत एक जण यायचा, जुनी नाणी फुकट तपासून देतो म्हणून टेबल मांडून बसायचा. मुलानं मागच्या वर्षी त्याच्याकडे दिली. प्रयोगशाळेत पाठवतो म्हणाला, आठवड्यानं परत आणून दिली. तेव्हापासून बोट बसत नाही. मुलाला सांगितलं, तर म्हणतो, आई, तुझं वय झालं."

सून खाली मान घालून म्हणाली, "आम्हाला खरंच काही फरक दिसत नव्हता हो साहेब."

"दिसायचा प्रश्नच नाही," आजी म्हणाल्या. "मला माझी शिवराई आणून दे. नाही मिळाली तर तसं सांग. पण मला म्हातारपणाचा भास होत नव्हता, एवढं तरी घरात कळू दे."

मला या प्रकरणात दोन गोष्टी शोधायच्या होत्या, हे त्या वाक्याने ठरवून दिले.

देव्हाऱ्यातले नाणे जप्त करायला मी स्वतः गेलो. सकाळची पूजा झालेली होती. नाण्यावर ताजे कुंकू होते. हवालदाराने पाकिटात घालताना विचारले, "सर, पोंछ दूँ?" मी म्हणालो, "नको. जसं आहे तसं घ्यायचं, आणि पंचनाम्यात लिहायचं: वर लाल कुंकवाचा टिळा."

तेवढ्यात सायबर शाखेचे उत्तर आले. दोन्ही नावांमागे एकच माणूस होता, घर कोलार रोडला. आजींच्या सुनेने फोटोवरून ओळखले: गणपतीत टेबल मांडून बसायचा तो हाच. पंच घेऊन आम्ही सकाळी दार वाजवले. दार उघडायला जरा वेळ लागला.

मी अनेक अड्डे पाहिले आहेत, पण इतका नीटनेटका पाहिला नाही. मागच्या खोलीत छोटी भट्टी, चाळलेली वाळू, मापाप्रमाणे लावलेल्या कानशी, आणि खिडकीखाली काळ्या द्रावणाच्या ट्रेमध्ये भिजत पडलेल्या पन्नासेक शिवराया. माणूस मराठीच, जन्मापासून भोपाळचा, टाउनशिपच्या कारखान्यातल्या ओतकाम विभागातून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला. हाताने असामान्य कारागीर. हे मान्य करायला मला तेव्हाही अवघड गेले नाही.

चौकशीत तो सगळे कबूल करत होता, एक सोडून.

"ओरिजिनल?"

"बेच दिया साहेब. मुंबईकडे गेलं. कोणाला, ते मालूम नाही."

अशा माणसाला धमकावून उपयोग नसतो. त्याला त्याच्या कामाबद्दल बोलू द्यावे. मी ट्रेमधले एक नाणे त्याच्यापुढे ठेवले आणि म्हणालो, "काम उत्तम आहे. हा खोलगासुद्धा हुबेहूब उतरलाय. पण तो पडला कसा असेल?"

"बाजारात घासून. हजारो हातांतून फिरलं की होतंच."

"बाजारात घासलं तर सगळीकडून घासलं जाईल. हा एकाच जागी आहे."

तो नाणे फिरवून पाहू लागला. कारागीर होता, प्रश्न त्याला खरोखर पडला. "हां... हे तर आहे. मीही हैराण होतो. पण घिसलेलं नाणं लवकर बिकतं, म्हणून जास्त सोचलं नाही."

"तुमच्या घरी देवपूजा कोण करतं?"

"बायको. आधी आई करायची."

"तुम्ही कधी केलीत?"

"मला कुठे टाइम, साहेब? शिफ्ट असायची."

मी त्याला आजींचे बोट सांगितले. सासू, तिची सासू, रोजचे गंध. त्याने स्वतःची अनामिका त्या खोलग्यावर ठेवली आणि चटका बसल्यासारखी काढून घेतली.

"आई तिथेच आहे," तो म्हणाला.

मला वाटले, तो स्वतःच्या आईबद्दल बोलतोय. पण तो ओतकामवाल्यांच्या भाषेत बोलत होता. ज्या पहिल्या नगावरून साचा घेतात, त्याला तो 'आई' म्हणत असे.

"विकलं नाही. दार वाजलं तेव्हा मी आई ट्रेमध्ये टाकून दिली, सगळ्यांत मिसळून. आता काळा थर चढला असेल. कौनसी आहे, ते मलाही बघून नाही सांगता येणार." शेवटच्या वाक्यात पश्चात्ताप होता आणि थोडा अभिमानही.

आता पेच असा की ती सगळी नाणी मुद्देमाल होती. ती घासून किंवा धुवून पाहता येत नव्हती. काकूंची चिंच इथे चालणार नव्हती. आधी मालकाने ओळख पटवायची, मग तज्ज्ञाकडे पाठवायचे, असे ठरले. माणसांची ओळख परेड होते तशी मुद्देमालाचीही होते. दंडाधिकाऱ्यांच्या खोलीत टेबलावर पांढरे कापड अंथरून सगळी नाणी रांगांत मांडली. रांगा दंडाधिकाऱ्यांनी स्वतः लावल्या. मला आणि माझ्या माणसांना दाराशी उभे केले. आजींचा मुलगा परवानगीने मागे उभा होता.

आजींनी खुर्चीत बसून चष्मा काढला आणि सुनेच्या हातात दिला.

"अगं आई, चष्मा लाव. नीट बघ," मुलगा म्हणाला.

"बघू कशाला? पूजा मी कधी चष्मा लावून केली? आंघोळ करून तशीच बसते."

त्या एकेका नाण्यावर अनामिका ठेवत गेल्या. हा नाही. हा नाही. हाही नाही. दंडाधिकारी म्हणाले, "माताजी, यह क्यों नहीं?"

"टोचतं," आजी म्हणाल्या. "आणि बोटाला जागा आखूड पडते."

मला तो कारागीर आठवला. चौकशीत त्यानेच सांगितले होते की ओतलेला धातू थंड होताना आकसतो, प्रत्येक नक्कल आईपेक्षा केसभर लहान निघते. तो केसभर फरक मोजायला यंत्र लागेल, असे मी धरून चाललो होतो.

तिसऱ्या रांगेत बोट एका नाण्यावर गेले आणि तिथेच राहिले. आजी 'हा' म्हणाल्या नाहीत. त्यांना परेडचे भानच उरले नाही. बोट आपोआप किंचित फिरले, गंध लावताना फिरते तसे, आणि ओठ हलू लागले. रोजचे स्तोत्र सुरू झाले होते. दंडाधिकाऱ्यांनी लेखणी खाली ठेवली. माझ्या हवालदाराने नकळत टोपी काढली, आणि गणवेशात तसे करायचे नसते हे त्याला सांगण्याची मला इच्छा झाली नाही.

स्तोत्र संपल्यावर मुलगा पुढे आला, आईच्या पायाशी वाकला आणि एवढेच म्हणाला, "चुकलं माझं." आजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बोटाला काळे लागले होते, ते त्याच्या केसांना लागले.

तज्ज्ञांचा अहवाल पुढे आला. ते एक नाणे ठोकून पाडलेले, बाकी सर्व ओतलेली. मला त्या अहवालाची घाई उरली नव्हती, पण न्यायालयाला असते आणि असावी.

लोक मला आजही विचारतात, ऑनलाइन जुने नाणे घेताना काय पाहावे. माझे सांगणे ठरलेले आहे. विक्रेत्याकडून दोन्ही बाजूंचे आणि कडेचे स्पष्ट फोटो मागा. कडेचा फोटो द्यायला टाळाटाळ झाली की व्यवहार तिथेच सोडा. वजन आणि व्यास विचारा आणि नाणेशास्त्राच्या पुस्तकातल्या मापांशी ताडून पाहा. तोच फोटो दुसऱ्या नावाने कुठे लावला आहे का ते शोधा, आणि दोन नाण्यांवर एकच ओरखडा किंवा एकच झीज दिसली तर दोन्ही सोडून द्या. साइटच्या बाहेर पैसे पाठवू नका. पार्सल उघडतानाचे चित्रीकरण ठेवा. घरचे नाणे तपासायला दिलेत तर डोळ्यांसमोर तपासून घ्या, मागे ठेवून येऊ नका. आणि घेतलेले नाणे धुऊ नका, जरी एकदा धुतल्यामुळेच माझे काम झाले असले तरी.

पण त्या खटल्याने मला शिकवले ते या सांगण्यात बसत नाही. झीज म्हणजे वस्तूचे नुकसान, असे मी समजत होतो. त्या दिवसापासून कुठलीही जुनी वस्तू हातात आली की मी आधी विचारतो, ही कुणी झिजवली? आणि एखादे वृद्ध माणूस 'काहीतरी बदललंय' म्हणाले, तर त्याचे वय लिहून घेण्याआधी मी त्याचे म्हणणे लिहून घेतो.

न्यायालयाच्या आदेशाने शिवराई सुपूर्दनाम्यावर, म्हणजे न्यायालय मागेल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, आजींच्या ताब्यात दिली, तेव्हा मीच नेहरू नगरला गेलो. त्यांनी ती ताम्हनात घेतली, धुतली, पुसली, देव्हाऱ्यात ठेवली आणि गंध लावले. मी निघालो तसे त्यांनी विचारले, "आणि तो दुसरा पैसा? इथे होता तो?"

"मालखान्यात आहे, आजी. सीलबंद. तो खोटा होता."

"माहीत आहे रे. पण वर्षभर त्यानं माझी पूजा घेतली. त्याच्यावरचं कुंकू पुसलं तर नाही ना कुणी?"

"नाही, आजी," मी म्हणालो. "पंचनाम्यात लिहिलंय. पुसता येणार नाही."