फळ्यांखालची हवा

रावमामा कुणाच्याही घरी गेले की आधी उंबऱ्यात उभे राहून दोनदा हुंगायचे. "कसे आहांत" वगैरे नंतर. घरची बाई उदबत्ती लावून प्रसन्न बसलेली असो, हे खुशाल विचारणार, "खालती पाणी मुरूंलागलंय काय हो?" पहिल्या भेटीत मला तर अस्सा राग आला होता!

आम्ही साताऱ्याचे, नोकरीपायी इकडे तमिळ मुलखात, मैलापुरात आलेलो. ते तंजावरकडचे मराठी, शेजारी एकटे राहणारे. सगळा जन्म इमारतींच्या डागडुजीत गेलेला. माझं भरभर बोलणं ऐकून हसायचे. "तुमची मराठी पळूंलागली, आमची अजून तिण्णैवर बसून आहे," म्हणायचे आणि आपल्या घराच्या ओट्यावर हात थोपटायचे.

आमच्या भाड्याच्या घरातली पुढची खोली लाकडी फळ्यांची. पूर्वी तिथे नाच शिकवत, म्हणून फळ्यांखाली हातभर पोकळी आणि जोत्याला बाहेरून जाळ्या. उंदीर येतात, डास येतात म्हणून पावसाआधी मी त्या सिमेंटने बुजवल्या, वरून इथल्या घरांसारखे पांढरे-तांबडे पट्टेही ओढले. केवढी ऐट माझी! इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात मी दिवसभर दुसऱ्यांच्या कामातले दोष काढते. माझ्या कामात दोष कसा असेल?

पाऊस ओसरता ओसरता मुक्ताला, माझ्या सात वर्षांच्या लेकीला, खोकला लागला. ती त्याच खोलीत झोपायची. औषधं चालूच होती. कुबट वास जावा म्हणून मी शहाणी रोज सांब्राणीचा धूप जाळून धूर करायचे. पोर बसल्या बसल्या धापा टाकू लागली. शेवटी ठरलं, तिला साताऱ्याला आजीकडे ठेवायचं. शाळेतून दाखला काढायचा अर्ज लिहिला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

कळताच रावमामा आले. पंचाहत्तरी उलटलेला माणूस, कमरेची वेष्टी खोचून सरळ पालथा पडला आणि फळ्यांच्या फटीला नाक लावलं.

"अय्यो! पोरीला कशाला धाडतां? बुरशीला धाडा. खालची कोंदट हवा जाईल कुठें? वरतीच येणार. पोर तीच ओढूंलागलीय."

"मामा, जाळ्या मीच बुजवल्या," मी म्हटलं. वाटलं, आता चांगलं ऐकवणार.

"सरि. सांगितलांत तें बरं केलांत. न सांगणारेच जास्ती. छिन्नी आणा."

फळ्या उचकटल्या. खाली मोरीचा पाइप ठिबकत होता, मातीचा चिखल झालेला, लाकडाला पांढरी बुरशी. पाइप बदलला, फळ्या उन्हात टाकल्या, जाळ्या फोडून बारीक तार बसवली. "उंदराला बंदी, वाऱ्याला नाही," मामा म्हणाले. सगळं सुकेपर्यंत मुक्ता त्यांच्याकडेच झोपली, त्यांना इथल्यासारखं "तात्ता", म्हणजे आजोबा, म्हणू लागली. औषधं डॉक्टरांनी सांगितली तशी चालू ठेवली. पोंगलपर्यंत खोकला हळूहळू सुटला. अर्ज मी फाडून टाकला.

गेल्या महिन्यात रावमामांना त्यांच्या मुलाने कायमचं कोइमतूरला नेलं. स्टेशनकडे ऑटो निघाली तशी मुक्ता "तात्ता, तात्ता" ओरडत मागे धावली. परत आली तीही धावतच.

"आई, ते रडत होते, हात बाहेर काढून हलवत होते, मी पार वळणापर्यंत गेले, मग ऑटो मोठ्या रस्त्याला लागली आणि दिसेनाशीच झाली!"

सगळं एका दमात, एकदाही न खोकता. मी तिला घट्ट धरलं आणि मला बाई रडूच कोसळलं.